घोडबंदर रोडला राहायला आलोय, खायचं कुठे?

चिंगी_कोथरूडकर

नमस्कार मंडळी. कोथरूडातनं गाशा गुंडाळून कासारवडवलीला आलोय, नवऱ्याचं ऑफिस वागळे इस्टेटला हलल्यामुळे. सामान लागलं, गॅस आला, वायफाय आलं, आता पोटाचा प्रश्न. बिल्डिंगच्या खाली सलून आहे, मेडिकल आहे, कुत्र्यांच्या खाण्याचं दुकान आहे, केकची दुकानं तर एकाला एक लागून आहेत, पण सकाळी साडेआठला प्लेटभर पोहे खायचे तर कुठे जायचं ते कळत नाहीये. ॲप उघडलं की बर्गर, मोमो आणि प्युअर व्हेजच्या नावाखाली पनीरचे अठरा अवतार.

घरात कोण कोण ते सांगते म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. सासूबाई शाकाहारी, शुगर आहे, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. नवरा अलिबागकडचा, आठवड्यात मासे झाले नाहीत की चेहरा पाहवत नाही. मुलगी चौथीत, डोसा एके डोसा. मी सर्वभक्षी. तर रोजचा पोळीभाजीचा डबा, रविवारचा नाश्ता, मासे, आणि पाहुणे आले तर न्यायला एखादं बरं ठिकाण एवढं हवंय. मुंबई-पुणे वाद घालायचा असेल तर कृपया वेगळा धागा काढा, इथे फक्त पत्ते द्या.

नौपाडाकर

ठाण्यात स्वागत. म्हणजे खरं तर तुम्ही ठाण्यात आलेल्याच नाही आहात, घोडबंदरला आल्या आहात, ठाणं कॅडबरी जंक्शनला संपतं (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या).

वडापाव आणि मिसळीपासून सुरुवात करा. मामलेदार मिसळ, स्टेशनपासून चालत, तहसील कचेरीच्या आवारात. कित्येक दशकांची जुनी आहे. आता शाखा बऱ्याच निघाल्या आहेत पण पहिल्यांदा मूळ ठिकाणीच खा, कचेरीत दाखल्यासाठी आलेली माणसं, वकील, कॉलेजची पोरं सगळी एकाच बाकावर घाम पुसत बसलेली असतात. कमी, मध्यम, तिखट असं सांगावं लागतं. पहिल्या खेपेला मध्यम सुद्धा मागवू नका, ऐका माझं.

वडापाव म्हणाल तर विष्णूनगरचा गजानन. वड्यापेक्षा तिथली पिवळी बेसनाची चटणी, लोक वडा कमी आणि चटणी जास्त मागतात. राजमाताही नौपाड्यातच, त्यांचा पंथ वेगळा आहे, दोन्ही पंथांत रोटीबेटी व्यवहार होत नाहीत. स्टेशनसमोर कुंजविहार, तिथला वडा एवढा मोठा की पाव त्याच्या अंगावर लहान मुलाच्या टोपीसारखा दिसतो. गोड आणि फरसाणाला पाचपाखाडीचं प्रशांत कॉर्नर. दिवाळीच्या आठवड्यात तिकडे फिरकू नका मात्र.

वाघबीळवाला

आले लगेच नौपाडावाले नकाशा घेऊन. ताईंनी कासारवडवलीला काय मिळतं विचारलंय आणि हे गोखले रोडची जत्रा सांगतायत. शनिवारी संध्याकाळी कासारवडवलीहून निघून विष्णूनगरला वडापाव खायला जायचं म्हणजे गुजरातकडचे ट्रक, मेट्रोचे बॅरिकेड, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा हे सगळं पार करायचं, तोवर पोरगी मागच्या सीटवर झोपलेली असते आणि नौपाड्यात पार्किंग मिळत नाही ते वेगळंच.

नौपाडाकर

गाडी कशाला काढता? टीएमटीच्या बसने या नाहीतर शेअर रिक्षाने.

वाघबीळवाला

सासूबाईंना घेऊन, शेअर रिक्षाने. छान.

झणझणीत_७७

मिसळीत पोहे घालतात का तिथे? पुण्याच्या माणसाला विचारावं लागतं आधी.

चिंगी_कोथरूडकर

झणझणीत, मी आधीच बजावलं होतं :)

नौपाडाकर, यादी लिहून घेतली, सगळीकडे जाणार. पण वाघबीळवाल्यांचं बरोबर आहे, रोजच्या कामाला ते लांब पडतं. मला चालत किंवा फार तर रिक्षाने दहा मिनिटांत असं काहीतरी पाहिजे. कुणी याच बाजूला राहणारं आहे का इथे?

आगरी_मसाला

मी आहे की. ओवळ्याची. माझं माहेर इथलंच, टॉवर यायच्या आधीपासूनचं.

तुम्ही नवीन लोक एक करता, बिल्डिंगच्या गेटातून बाहेर पडता आणि मेन रोडलाच बघत बसता. मेन रोडला काय मिळणार, शोरूम आणि बँक. कासारवडवली, ओवळा, वाघबीळ, कोलशेत, बाळकूम ही सगळी आधी गावं आहेत, आगरी-कोळ्यांची, टॉवर नंतर आले. टॉवरच्या मागे गावठाण अजून आहे. गल्ली अरुंद असते, गाडी जात नाही म्हणून तुम्ही लोक वळत नाही. आत जा. देऊळ शोधा, देवळाच्या आसपास किराण्याचं दुकान असतं, तिथे उभं राहून विचारा की इथे नाश्ता कोण करतं, भाकऱ्या कोण देतं. पाटी नसते कुठेच. एखाद्या घराच्या ओट्यावर स्टीलचे डबे आणि समोर चार बायका उभ्या दिसल्या की समजायचं.

तांदळाची भाकरी मिळेल, ती सकाळी ऑर्डर द्यावी लागते कारण गरम पाण्यात उकड काढून करतात, आयत्या वेळी होत नाही. जवळा, सुकट, कोलंबी, खाडीचं काहीबाही मिळेल. मसाला आमचा घरचा, मालवणीसारखं खोबरं वारेमाप नसतं. साहेब अलिबागचे आहेत तर त्यांना सांगावं लागणार नाही, एका घासात ओळखतील.

वाघबीळवाला

+१. दहा वर्षांत मेन रोडवरची निम्मी हॉटेलं बदलली, पाटी रंगवून होते न होते तोच भाड्याने मालक पळून जातो. गावातल्या मावश्या मात्र तिथेच आहेत, त्यांना भाडं नाही ना.

बोंबील_फ्राय

माशांचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. (दोन होणार नाहीत.)

तुम्ही नेमक्या पावसाळ्याच्या तोंडावर आला आहात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांचा अंडी घालायचा काळ म्हणून. त्या दोन महिन्यांत ज्या हॉटेलात 'ताजं पापलेट' असं फळ्यावर लिहिलेलं दिसेल तिथे बसून डाळभात मागवा. पापलेट, सुरमई जे मिळतं ते बहुतेक बर्फातलं, चव जाते आणि भाव चढतो. हे दिवस सुक्याचे. सोड्यांची खिचडी, सुकट-वांगं, जवळ्याची चटणी, सुके बोंबील बटाटा घालून. खाडीचं थोडंफार येतं, निवट्या, लहान कोलंबी, ज्याला आवडतं त्याने घ्यावं, चव चिखलाकडे झुकते, मला आवडते. नारळी पौर्णिमा झाली की मग काय ते पापलेट.

विकत घ्यायचे तर स्टेशनकडे चेंदणी कोळीवाडा आहे, पण तेवढ्यासाठी लांब वाटलं तर तुमच्या बाजूलाच बाळकूम-कोलशेतकडे चौकशी करा. कल्ले बघून घ्या, लाल पाहिजेत, तपकिरी असले तर पुढे चला.

हॉटेलातली मासेथाळी हा मात्र अंदाजपंचे कारभार. ठाण्यात मालवणी खानावळी गल्लोगल्ली आहेत, सगळ्यांच्या पाटीवर गलबत आणि नारळाचं झाड. माझी परीक्षा सोपी आहे, थाळी मागवायच्या आधी नुसती सोलकढी मागवायची. आगळाची (कोकमाच्या रसाची) आणि नारळाच्या दुधाची असेल तर रंग मंद, फिकट असतो आणि थोडा वेळ ठेवली की वर-खाली थर होतात. भडक गुलाबी आली आणि तशीच एकजीव राहिली तर पावडरची. जो सोलकढीत कंटाळा करतो तो कालवणात काय कष्ट घेणार?

अनामिक_खवय्या

इथे एवढे सगळे लिहितायत, कुणी ॲपबद्दल बोलत नाहीये. आम्ही तर तीन वर्षं तेवढ्यावरच काढली.

हिशेबी_काका

ॲपवरून मागवा, हरकत नाही, पण बघून मागवा. एक युक्ती सांगतो. प्रत्येक खाद्यव्यवसायाला एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक असतो, ॲपवर हॉटेलच्या पानावर अगदी खाली तो दिसतो, आणि २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. 'बिर्याणी दरबार', 'पराठा हवेली', 'चायनीज ड्रॅगन' (नावं मी बनवली आहेत, भांडायला येऊ नका) अशी तीन हॉटेलं दिसली आणि तिघांचा क्रमांक एकच निघाला तर ते एकच स्वयंपाकघर आहे, बहुतेक एखाद्या शटरमागे. त्यात बेकायदा काही नाही. पण बिर्याणी आवडली नाही म्हणून तुम्ही पराठ्याकडे वळलात तरी माणूस तोच आहे एवढं लक्षात ठेवा.

आणि पाहुण्यांना घेऊन मॉलमध्ये जाल तेव्हा बिल नीट वाचा. मागे आमच्या नातेवाइकांसमोर एका मोठ्या नावाच्या रेस्टॉरंटने दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला, विचारलं तर मॅनेजर म्हणे सगळेच देतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हा चार्ज बिलात आपोआप घालता येत नाही, देणं ग्राहकाच्या मर्जीवर. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. शांतपणे 'काढून द्या' म्हणायचं. नाही काढला तर १९१५ वर तक्रार करता येते. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के.

झणझणीत_७७

काकांनी नातेवाइकांसमोर भांडण केलं हे चित्र डोळ्यासमोर आलं :D

हिशेबी_काका

भांडण नाही. संवाद.

पोळीभाजी_सुगरण

ताई मी आनंदनगरला डबे देते, घडीच्या पोळ्या, भाजी, वरण भात, उपवासाचं पण मिळेल, घरपोच, नंबर [संपादित]

संपादक_मंडळ

सुगरण, धाग्यात जाहिरात आणि फोन नंबर चालत नाहीत, नंबर काढला आहे. ज्यांना हवं त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा.

अनुजा_के

डब्याबद्दल मी लिहिते, माझ्या सासऱ्यांना शुगर आहे त्यामुळे या विषयात माझी पीएचडी झालीये.

महिन्याचे पैसे आगाऊ देऊ नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. आधी आठवडाभराचे द्या. त्या आठवड्यात भाज्या कुठल्या येतात ते बघा, चारदा बटाटा आला की विषय संपला. आमटीवर तेलाचा तवंग किती ते बघा, आणि पोळी दुपारी चारला खाऊन बघा, गरम असताना सगळ्याच चांगल्या लागतात. ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी देतात का ते आधीच विचारा. बरेच डबेवाले हो म्हणतात आणि आठवड्यातून एकदा देतात, तर कोणत्या वारी ते ठरवून घ्या. भाताऐवजी कोशिंबीर किंवा उसळ वाढवून द्या म्हटलं तर घरगुती करणाऱ्या बायका ऐकतात, मोठे डबेवाले ऐकत नाहीत, त्यांचा साचा ठरलेला असतो.

वेळ. हे सगळ्यात महत्त्वाचं. सासूबाई इन्सुलिन घेत असतील तर साडेबाराचा डबा सव्वाला आला हे चालतच नाही. घोडबंदरला ट्रॅफिकमुळे हे हमखास होतं. म्हणून डबा रस्त्याच्या तुमच्याच बाजूचा घ्या, पलीकडचा नको, उड्डाणपुलाखालून वळून येईपर्यंत वेळ जातो. शक्यतो तुमच्याच कॉम्प्लेक्समधली बाई शोधा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, तिथे शंभर जण स्वतःच्या मेहुणीचं नाव देतात. वॉचमनला विचारा दुपारी बाराच्या सुमारास कुठल्या फ्लॅटमधून पिशव्या बाहेर पडतात. त्याला सगळं माहीत असतं, आणि तो स्वतः कुठून पोळ्या घेतो तेही विचारा.

चिंगी_कोथरूडकर

अनुजा, प्रिंट काढून फ्रिजला लावतेय!! वॉचमनकाकांना विचारलं, ते म्हणाले बी विंगच्या आठव्या मजल्यावर एक काकू आहेत. लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या काकू निघाल्या त्या. सोमवारपासून डबा सुरू, साडेबाराला म्हणजे साडेबाराला, कारण आणायचा कुठून, आठव्या मजल्यावरून. नाचणीची भाकरी सोमवार आणि गुरुवार.

मामलेदारला जाऊन आलो. सासूबाईंनी कमी तिखट घेतली आणि पूर्ण संपवली, नवऱ्याने नौपाडाकरांचं न ऐकता तिखट मागवली, त्यावर अधिक बोलत नाही. कन्येने पाव आणि शेव खाल्ली.

रविवारच्या नाश्त्याचं आणि पाहुण्यांचं राहिलंच पण.

कोपरीची_ज्योती

नाश्त्यासाठी एखाद्या रविवारी पूर्वेला या, कोपरीला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची जुनी वस्ती आहे इथे, आम्ही त्यातलेच. सकाळी दाल पकवान खा. चण्याची डाळ, घट्टसर, फार मसाला नाही, वर चिंचेची आणि हिरवी चटणी, कच्चा कांदा, आणि तळलेली कडक पुरी हाताएवढी. डाळीत बुडवायची नाही लगेच, मऊ पडते, तुकडा मोडून डाळ उचलायची. अकरानंतर आलात तर संपलेलं असतं, कुणावर चिडू नका. कोकी पण मिळाली तर घ्या, कांदा घातलेली जाड पोळी, दह्याबरोबर. आई म्हणते बाहेरची कोकी कोकीच नसते, पण आईचं असंच असतं.

नौपाडाकर

कोपरीला दुजोरा. पाहुण्यांना मराठी जेवण घालायचं तर घंटाळीला मेतकूट. शाकाहारी आहे, सासूबाईंनाही चालेल, रविवारी दुपारी मात्र बाहेर ताटकळावं लागतं. मोठं कुटुंब, लहान मुलं, कुणाला गुजराती कुणाला पंजाबी असा गोतावळा असेल तर टिप टॉपची थाळी, एलबीएस रोडला, जागा ऐसपैस आणि गाडी लावता येते.

आणि एक राहिलं. ठाण्यात सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) मंडळी बरीच, खारकर आळीत त्यांचा हॉल आहे. ओळख काढा, घरगुती ऑर्डर घेणारे आहेत. वालाचं बिरडं, खाजाचे कानवले, श्रावण लागण्याच्या आदल्या दिवसाचं निनावं. हे हॉटेलात शोधत बसू नका, मिळालं तरी त्यात जीव नसतो.

बोंबील_फ्राय

सोड्यांची खिचडी सीकेपींची. वर मी लिहिलीय ती त्यांच्याकडूनच ढापलेली.

वाघबीळवाला

मुलीसाठी डोसा: हिरानंदानी इस्टेटला जाऊ नका, तिथे डोशाबरोबर वातावरणाचेही पैसे घेतात. नाक्यानाक्यावर सकाळी सायकलवर इडलीवाले अण्णा भोंगा वाजवत फिरतात, सातच्या आसपास. मेदूवडा चांगला असतो, चटणी पातळ असते पण भरपूर घालतात. डोसा मात्र गाडीवरचाच, आणि गाडीवर तवा पाण्याने पुसणारा बघा, तेलकट फडक्याने पुसणारा नको.

संध्याकाळी पोरांना घेऊन उपवनला जाता येईल, तळ्याकाठी भेळ, पाणीपुरी, मक्याची कणसं. येऊरचे ढाबे लोक सुचवतील, मी नाही सुचवणार. जंगल आहे ते, रात्री बाराला स्पीकर लावून तंदुरी खायची जागा नाही. तिथल्या रहिवाशांचा आवाजावरून वाद जुना आहे आणि माझं मत त्यांच्या बाजूने.

झणझणीत_७७

येऊरबद्दल असहमत, पण वेगळ्या धाग्यावर.

गडकरी_बाल्कनी

अवांतर: नाटकाला जाणार असाल तर तुमच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, हिरानंदानी मेडोजला. पण खायच्या दृष्टीने गडकरी रंगायतन बरं, प्रयोग सुटला की समोर तलावपाळी. पावसात मसुंदा तळ्याच्या कठड्याशी उभं राहून भाजलेलं कणीस, लिंबू आणि तिखटमीठ. त्याला पत्ता लागत नाही, धूर दिसतो.

अनामिक_खवय्या

राबोडीचं कुणीच लिहिलं नाही? रमजानमध्ये संध्याकाळी जाऊन बघा. सीख, खिमा, मालपुवा. पायी जा, भूक ठेवून जा.

चिंगी_कोथरूडकर

मंडळी, काय लिहू, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल आगरी_मसाला यांचं ऐकून टॉवरच्या मागच्या गल्लीत शिरलो, देवळाशेजारच्या किराणावाल्याने हाताने दाखवलं, 'ती निळी कौलं'. तिथल्या मावशींनी भाकऱ्या उद्याच्या ऑर्डरच्या आहेत म्हणून द्यायला नकार दिला, मग नवरा अलिबागचा म्हटल्यावर कुठलं गाव, कुणाचा कोण अशी उलटतपासणी झाली आणि चार भाकऱ्या आणि वाटीभर जवळा मिळाला. पैसे घेतले, चोख घेतले :) थंडीत पोपटी लावणार आहेत म्हणे, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात. नवरा आत्तापासून कॅलेंडर बघतोय.

एक प्रश्न राहिला. बाळकूमकडे मासे घ्यायला गेलो तर साफ करून, तुकडे करून देतात का? मला अख्खी सुरमई घरी आणून कापता येणार नाही, आणि सासूबाईंच्या ओट्यावर तर नाहीच नाही.

बोंबील_फ्राय

देतात. आधी भाव ठरवा, मग कापायला सांगा, उलटं केलंत तर भाव तिच्या हातात. डोकं टाकून देऊ नका, मागून घ्या, कालवणाला लागतं. आणि वेगळी सुरी, वेगळी पाटी घेऊन टाका, सासूबाईंचा ओटा सुखरूप.